जगबुडी : एक नदी आणि एक चित्रप्रकार

१

‘जगबुडी’ या मराठी शब्दाचा रूढ अर्थ प्रलय, समस्त सृष्टीचे जलमय होणे, असा आहे. कोकणात मात्र हा शब्द विशेषनामही आहे. सह्याद्रीत उगम पावून खेडजवळून वाहत वाशिष्ठीला मिळणाऱ्या नदीचे नाव जगबुडी. जगबुडीने धोक्याची पातळी ओलांडल्याची वार्ता पावसाळ्यात छापून येते, तेव्हा ती शब्दशः घेतल्यास सर्वनाशाची घोषणा ठरेल. वाचणाऱ्याला मात्र तिच्यातून एवढेच कळते की खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरण्याचा संभव आहे. जगाचा अंत आणि बाजारपेठेतील पाणी या दोन टोकांना एकाच शब्दात बांधण्याची ही भाषिक सोय वरवर गमतीची वाटली, तरी तिच्यात एक वाङ्मयीन प्रश्न दडलेला आहे. ज्याला कोणीही पूर्णतः पाहू शकत नाही असे विश्वव्यापी अरिष्ट कथनाच्या कक्षेत आणायचे कसे?

चित्रपटाने गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या प्रश्नाला अनेक उत्तरे दिली. त्यांतील बरीच उत्तरे विध्वंसाच्या देखाव्यापाशी थांबतात. विश्वव्यापी आपत्तीचे चित्रपट गंभीर समीक्षेच्या बाहेर राहिले, याचेही कारण हेच. परंतु या चित्रप्रकाराचा इतिहास बारकाईने पाहिला तर त्यात दोन धारा स्पष्ट दिसतात. एक धारा आपत्तीला क्षण मानते. दुसरी तिला प्रक्रिया मानते. पहिलीत जग कोसळते आणि प्रेक्षक पाहतो. दुसरीत दूरचे कारण एका विशिष्ट उंबरठ्यापर्यंत कसे येऊन पोहोचते याचा शोध असतो. मोलाच्या कृती प्रामुख्याने दुसऱ्या धारेत आहेत, आणि महाड-पोलादपूरसारख्या प्रदेशाच्या दृष्टीने हा भेद केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही.

२

या दोन धारांच्या मागे काळाविषयीच्या दोन कल्पना आहेत. ख्रिस्ती परंपरेतील अंतिम निवाडा एकदाच घडतो; त्यानंतर काळ उरत नाही, आणि तरणारे व बुडणारे यांची कायमची विभागणी होते. भारतीय पुराणांतील प्रलय आवर्ती आहे. शिवाय पुराणकारांनी त्याचे नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यंतिक असे चार प्रकार कल्पिले. यांतील नित्य प्रलयाची कल्पना येथे विशेष महत्त्वाची आहे. प्राणिमात्रांचा जो क्षय अव्याहत, कोणाच्या लक्षातही न येता चालू असतो तोही प्रलयच, असे तीत गृहीत धरले आहे. म्हणजे प्रलय केवळ भविष्यात नसतो. तो वर्तमानाच्या पोटात चालूच असतो.

चित्रपटाने जन्मतः पहिली कल्पना स्वीकारली. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, त्याच्या शेपटीतील विषारी वायूच्या चर्चेने युरोपात घबराट पसरली, आणि सहाच वर्षांनी, महायुद्ध चालू असताना, तटस्थ डेन्मार्कमध्ये ऑगस्ट ब्लोम याने ‘जगाचा अंत’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला मूकपट काढला. धूमकेतूच्या आघाताची दृश्ये त्यात आहेतच. परंतु त्याचे टिकून राहिलेले मोल निराळ्या ठिकाणी आहे. त्यातील खाणमालक आपत्तीची वार्ता आधी कळताच वर्तमानपत्राला हाताशी धरून खोटा दिलासा छापवतो आणि शेअरबाजारात नफा कमावतो. धूमकेतू जवळ येत असता त्याच्या वाड्यात मेजवानी चाललेली असते आणि बाहेर कामगार उठाव करतात. आपत्तीचे ज्ञान हीच एक मालमत्ता असते आणि तिचे वाटप विषम असते, हे या आरंभीच्या कृतीनेच सांगून ठेवले. पुढे १९३१ साली आबेल गान्सने फ्लामारिओंच्या कादंबरीच्या आधारे पुन्हा धूमकेतूच योजला. पण त्याचा भर येऊ घातलेल्या अंताच्या धाकाने एकत्र येणाऱ्या मानवजातीच्या स्वप्नावर राहिला. ब्लोमची शंका आणि गान्सचे स्वप्न यांच्यामध्ये हा चित्रप्रकार तेव्हापासून हेलकावत आला आहे.

३

१९४५ नंतर विश्वनाश ही कल्पना राहिली नाही. हिरोशिमा आणि नागासाकी यांनी धूमकेतूची गरज संपवली. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथील अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडाचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. चित्रपटाचा प्रारंभ समुद्रात नष्ट होणाऱ्या नौकेनेच होतो. प्राणी कृत्रिम आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. इस्पितळातील जखमी मुले मात्र त्याला स्मरणातून ओळखू येतात. १९५६ साली याच चित्रपटाची अमेरिकी आवृत्ती निघाली तेव्हा एक अमेरिकी वार्ताहर कथानकात घुसवला गेला आणि अणुबॉम्बविषयीचे संदर्भ बरेचसे गाळले गेले. प्राणी तोच राहिला, कारण नाहीसे झाले. क्षण आणि प्रक्रिया यांतील भेद याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण.

याच काळात दुसऱ्या धारेने आपली स्वतंत्र कथनपद्धती घडवली. स्टॅन्ली क्रेमरच्या ‘ऑन द बीच’मध्ये (१९५९) एकही स्फोट दिसत नाही, उत्तर गोलार्ध निर्जीव झाल्यावर ऑस्ट्रेलियातील माणसे किरणोत्साराची वाट पाहत नेहमीची कामे करीत राहतात. व्हॅल गेस्टच्या ‘द डे द अर्थ कॉट फायर’मध्ये (१९६१) दोन महासत्तांच्या एकाच वेळी झालेल्या चाचण्यांनी पृथ्वीचा आस कलतो, आणि हे सारे लंडनच्या एका वृत्तपत्र कचेरीतून कळत जाते. अखेरीस मुद्रणालयात दोन मथळे तयार असतात, एक जग वाचल्याचा आणि एक बुडाल्याचा; कोणता छापला जाणार हे चित्रपट सांगत नाही. पीटर वॉटकिन्सच्या ‘द वॉर गेम’ने (१९६५) केंट परगण्यातील काल्पनिक अणुहल्ला वार्तापटाच्या भाषेत मांडला. ज्या बीबीसीसाठी तो तयार झाला होता तिने त्याचे प्रक्षेपण रोखले. त्याला अनुबोधपटाचे ऑस्कर मिळाले, आणि दूरचित्रवाणीवर तो १९८५ साली आला. ‘थ्रेड्स’ने (१९८४) शेफील्डमधील दोन कुटुंबांपासून आरंभ करून कथा स्फोटापाशी न थांबवता पुढची तेरा वर्षे नेली. त्या वर्षांत शेती खुरटते आणि पुढच्या पिढीची भाषाच तुटक होत जाते.

सुझन सोन्टॅग यांनी १९६५ साली या चित्रप्रकारावर लिहिताना मर्मावर बोट ठेवले होते. हे चित्रपट विज्ञानाचे नसून विध्वंसाच्या सौंदर्याचे असतात आणि असह्य भयाला सवयीचे करून टाकतात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. मुख्य धारेबद्दल तो खरा आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या कृतींना तो सरसकट लावता येत नाही, कारण त्यांत विध्वंस हा प्रेक्षणीय विषय नसून हिशेबाचा विषय आहे. कोणाला आधी कळले, कोणाला उशिरा, कोणी निर्णय घेतला आणि अन्न कोणाच्या वाट्याला आले, हे प्रश्न विचारणारा चित्रपट भयाला सवयीचे करीत नाही. तो भयाला उत्तरदायित्वाशी जोडतो.

४

१९९० नंतर संगणकीय प्रतिमांमुळे क्षणाच्या धारेला अभूतपूर्व बळ मिळाले. १९९८ साली उल्का आणि धूमकेतू यांचे दोन चित्रपट पाठोपाठ आले; २००४ साली हिमयुग काही दिवसांत अवतरले; २००९ साली रोलांड एमरिख याच्या ‘२०१२’ने सारे भूखंड हलवले. या शेवटच्या चित्रपटातील एक उपकथानक भारतीय वाचकाने विसरू नये असे आहे. पृथ्वीच्या गर्भातील बदलाचा पहिला शोध एका भारतीय शास्त्रज्ञाला भारतातील तांब्याच्या खोल खाणीत लागतो. त्याच्या ज्ञानावर जगातील सत्ताधीश तारू बांधतात. त्याला व त्याच्या कुटुंबाला न्यायला येणारे विमान मात्र येत नाही, आणि तो पत्नी-मुलासह लाटेखाली जातो. चित्रपट हा मृत्यू हळवेपणाने दाखवतो, पण त्याचा अर्थ लावीत नाही. तारवात जागा कोणाला, हा ब्लोमपासूनचा प्रश्न येथे कथानकाच्या वेगात वाहून जातो. सर्व मानवजातीवर एकच आपत्ती कोसळली असे म्हणताना प्रत्यक्षात आपत्तीचे वाटप विषमच राहते. ‘जागतिक’ हे विशेषण ही विषमता झाकण्याच्या कामी येते.

५

विश्वव्यापी आपत्ती खेड्याच्या मापाने मोजणारा चित्रपट भारतात यापूर्वीच झाला होता, परंतु त्याची गणना या प्रकारात कधी झाली नाही. सत्यजित राय यांचा ‘अशनी संकेत’ (१९७३) बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. दुसरे महायुद्ध त्यात केवळ आकाशातून जाणाऱ्या विमानांच्या घरघरीतून आणि कोठेतरी दूर युद्ध चालले आहे अशा बोलण्यातून येते. पुढे भाताचा भाव वाढतो, मग भात मिळेनासा होतो, मग शिष्टाचार, जात, लज्जा ही एकेक आवरणे गळतात. एकही बॉम्ब पडत नाही, निसर्ग अखेरपर्यंत हिरवागार राहतो, आणि तरीही शेवटी हा मानवनिर्मित दुष्काळ लक्षावधींचा बळी घेऊन गेला हे प्रेक्षकाला सांगितले जाते. महायुद्ध नावाच्या जागतिक अरिष्टाचे एका ब्राह्मण पुरोहिताच्या स्वयंपाकघरापर्यंतचे हे मार्गक्रमण म्हणजे ‘जगबुडी’ या शब्दाच्या दोन्ही अर्थांना एकत्र आणणारी कथनपद्धती होय.

मराठी चित्रपटाच्या संदर्भात याच्या जवळ जाणारे उदाहरण म्हणून नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ (१९७९) या चित्रपटाकडे पाहता येते. १८९४ साली हाँगकाँगला पोहोचलेली ग्रंथिक सन्निपाताची साथ व्यापारी जहाजांच्या मार्गाने १८९६ मध्ये मुंबईत उतरली. पुढच्या काही दशकांत तिने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. खऱ्या अर्थाने ती जागतिक आपत्ती होती. पुण्यात ती प्लेगच्या अधिकाऱ्यांची घरझडती, सोवळ्याओवळ्याचा भंग आणि स्थलांतर या रूपांत अनुभवली गेली. परंतु चित्रपटाचे शीर्षक साथीची तारीख सांगत नाही. ते रँडवरील हल्ल्याची तारीख सांगते. आपत्ती पार्श्वभूमीला आहे आणि राजकीय कृती अग्रभागी. चापेकरांच्या इतिहासासाठी ही निवड योग्यच होती. तथापि मराठी चित्रदृष्टीने साथीला स्वतंत्र विषय मानण्याची एक शक्यता तेथे मागे राहिली, हेही नोंदवले पाहिजे. त्याच १८९७ सालचा साथरोग कायदा २०२० साली कोविडच्या काळात पुन्हा लागू झाला, तेव्हा त्या शक्यतेचे महत्त्व नव्याने ध्यानात यावे.

मुद्रित मराठी साहित्य या बाबतीत चित्रपटाच्या पुढे होते. जयंत नारळीकर यांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पडतो. ‘धूमकेतू’ या कथेत एका हौशी खगोलनिरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीच्या रोखाने येतो आणि शास्त्रज्ञ अणुशक्तीने त्याचा मार्ग वळवतात. संकट टळल्यावर घरात मात्र श्रेय शांतियज्ञाला दिले जाते. वैज्ञानिकाचा हताश विनोद म्हणून या शेवटाकडे पाहिले जाते. पण त्यात आणखी काही आहे. टळलेली आपत्ती अदृश्य असते आणि अदृश्य गोष्टीचे कारण ठरवणे हा संघर्षाचा विषय असतो, हे ही कथा जाणते. चित्रपटाला न टळलेली आपत्तीच हवी असते, कारण तीच दिसते.

६

आता वीरकडे वळता येईल. महाड तालुक्यातील हे गाव रेल्वेच्या नकाशावर १९९३ साली आले. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा त्या वर्षी सुरू झाला आणि काही काळ उत्तरेकडून येणारा मार्ग येथेच संपत होता. जवळच दासगाव, खाली सावित्रीचे खोरे. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते तेव्हा गांधारी आणि काळ या नद्याही त्याच परिसरात तिला मिळतात. खाडीची भरती वरपर्यंत चढते, आणि घाटमाथ्यावरचा पाऊस व भरती यांची वेळ जुळली की पाण्याला जायला जागा उरत नाही. डोंगरउतारांवर बसाल्टच्या कातळावर झिजलेल्या मातीचा थर असतो. सलग पावसात तो पाण्याने भरतो, कणांमधील दाब वाढून पकड सुटते. त्यातच पायथा रस्त्यासाठी वा घरासाठी कापलेला असेल तर उताराचा आधारच गेलेला असतो. दरड क्षणात कोसळते, पण ती क्षणात घडत नाही.

२५ व २६ जुलै २००५ रोजी जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या आणि शंभराहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या त्या दिवसावर २००९ साली ‘तुम मिले’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात दुरावलेले प्रेमिक पुराच्या निमित्ताने पुन्हा भेटतात. एकाच पावसाळी प्रणालीच्या दोन बाजूंपैकी एकीला निदान प्रेमकथेची पार्श्वभूमी होता आले. दुसरी मुख्य धारेतील चित्रपटाच्या दृष्टिक्षेपात आली नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, महाड शहर पाण्याखाली गेले, आणि तळिये येथील दरडीत ८०हून अधिक माणसे मृत्यू पावली. रस्ते पाण्याखाली व दरडींखाली असल्याने मदत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. देशाने तळिये पाहिले ते उंचावरून टिपलेल्या चित्रफितीत, हिरव्या डोंगरावर तांबड्या मातीचा एक पट्टा या रूपात. ती प्रतिमा खोटी नव्हती. पण तिच्यात आधी काही नव्हते आणि नंतरही काही नव्हते. उतारावर वस्ती का होती, वहिवाटीची जमीन कोणाच्या वाट्याला कोठे आली होती, पुनर्वसन कोठे व कधी, यांपैकी कोणताही प्रश्न त्या पट्ट्यातून विचारता येत नाही. पाण्यावरील समान हक्काचा प्रश्न १९२७ साली ज्या महाडच्या चवदार तळ्यावर उभा राहिला, त्या प्रदेशात आपत्ती सर्वांवर सारखीच येते असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

या दरडींचा जगाशी संबंध काय, असा आक्षेप घेता येईल. कोणत्याही एका दरडीचे कारण म्हणून वातावरणबदलाकडे बोट दाखवता येत नाही, हे खरे. परंतु तापलेली हवा अधिक बाष्प धरते आणि अतिवृष्टीचा संभव वाढतो, हेही तितकेच खरे. दूरच्या धुराड्यांपासून तळियेच्या उतारापर्यंतची साखळी लांब आहे, तिच्यात स्थानिक रस्तेबांधणी, वृक्षतोड, दुर्लक्षित इशारे असे अनेक दुवे आहेत. बंगालमधील भाताचा भाव आणि युरोप-आशियातील युद्ध यांच्यातील साखळीही अशीच लांब होती. राय यांनी तिचा एकही दुवा व्याख्यानातून सांगितला नाही, तरी ती दिसली. सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाशी, केरळात, निपाहच्या साथीवर ‘व्हायरस’ (२०१९) आणि महापुरावर ‘२०१८’ (२०२३) हे मल्याळम् चित्रपट झाले. पहिला तर बहुतांशी संसर्गाची साखळी मागे मागे शोधत जाण्याची कथा आहे. म्हणजे विषय भारतीय चित्रपटाच्या आवाक्याबाहेरचा आहे, असे म्हणता येणार नाही.

७

१६ जून २००४ रोजी वीरच्या पुढे करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीच्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. कोकण रेल्वेवर दर पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लागू होते, गाड्या मंद धावतात आणि कातळकड्यांखालून गस्त घालणारे कर्मचारी रात्रंदिवस चालत असतात. वीरच्या फलाटावर गाडी उशिरा येते ती या सावधगिरीमुळे. त्या विलंबात कोणतेही दृश्य नाही, म्हणून तो चित्रपटाचा विषय होत नाही. परंतु पुराणांनी ज्याला नित्य प्रलय म्हटले त्याच्याशी माणसाने केलेला नित्य व्यवहार तोच आहे. गस्तीवरच्या माणसाला जगाचा अंत पाहायचा नसतो, त्याला पुढच्या वळणावरचा दगड पाहायचा असतो.

विश्वव्यापी आपत्तीचा मोलाचा चित्रपट या नजरेच्या जवळ असतो. ब्लोमचा शेअरबाजार, गेस्टचे दोन मथळे, वॉटकिन्सचा वार्तापट, राय यांचा भाताचा भाव, या सर्वांत अंताचे भव्य दर्शन नाही, अंताकडे नेणाऱ्या लहान गोष्टींची नोंद आहे. ज्या समाजाला स्वतःच्या आपत्तीचे केवळ उंचावरून टिपलेले चित्रच उपलब्ध असते, तो तिला दैव मानू लागतो. आणि दैवाला जाब विचारता येत नाही. जुई, दासगाव, तळिये यांची कथा आधी आणि नंतर यांसकट सांगणारा मराठी चित्रपट ही म्हणूनच केवळ कलात्मक उणीव भरून काढण्याची बाब नव्हे. जगबुडी हे ज्या भूप्रदेशात नदीचे नाव आहे, तेथे जगाचा अंत कोणत्या पातळीवर सुरू होतो हे मोजण्याची पट्टी पुलाच्या खांबावर आधीपासूनच रंगवलेली असते. ती वाचणारे कथन मात्र अजून घडायचे आहे.